बॅच फाइलची काळी विंडो: मिनिमाइझ करण्यापासून पूर्ण लपवण्यापर्यंत

बॅच फाइलवर डबल-क्लिक केलं की काळी विंडो पुढ्यात येते. तुम्ही दुसरीकडे काही टाइप करत असाल तर अक्षरं मध्येच तिच्यात जाऊ लागतात. आणि कंटाळून ती बंद केलीत तर आत चाललेलं काम अर्धवट तुटतं. रोजच्या बॅकअपसारखं काम असेल तर ही विंडो बाजूला जावी किंवा दिसूच नये असं वाटणं साहजिक आहे. ते करणं सोपं आहे. पण लपवलेल्या फाइलवर विसंबून राहता यावं म्हणून थोडी तयारी लागते, आणि या लेखाचा बराचसा भाग त्या तयारीवरच आहे.

वाचण्यापूर्वी एक सूचना: इथे सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या, त्यांतले अंक धरून, इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. अवतरणचिन्हंही कीबोर्डवरची साधी, सरळ हवीत. वर्ड किंवा चॅटमधून कॉपी केलेली वाकडी चिन्हं चालत नाहीत.

विंडो मुळात का येते?

बॅच फाइल म्हणजे साध्या मजकुराची फाइल. ती स्वतः चालत नाही, सीएमडी नावाचा प्रोग्राम ती ओळीओळीने वाचून चालवतो. सीएमडी हा कन्सोल प्रोग्राम आहे, म्हणजे नुसत्या मजकुराच्या विंडोत चालणारा. तो सुरू करताना सुरू करणाऱ्याने वेगळं काही सांगितलं नसेल, तर विंडोज त्याला एक कन्सोल विंडो उघडून देते. म्हणजे दिसणारी विंडो तुमच्या फाइलची नसते, सीएमडीची असते, आणि तुमच्या फाइलची पहिली ओळ वाचली जाण्याआधीच ती उघडलेली असते.

म्हणूनच 'ही विंडो दाखवू नको' असं सांगणारी कमांड बॅचमध्ये नाही. नवीन लोक पहिल्या ओळीत '@एको ऑफ' लिहितात आणि विंडो जाईल अशी अपेक्षा करतात. त्या ओळीने फक्त कमांड पडद्यावर उमटणं थांबतं, विंडो असते तशीच राहते. विंडो कशी दिसावी हे ठरतं ती फाइल सुरू कोण करतं त्यावर. पुढचे सगळे उपाय हेच करतात: फाइलला सुरू करणारा बदलतात.

आधी फाइलला नोंद ठेवायला शिकवा

विंडो लपवली की चुकीचे संदेशही लपतात. फोल्डर सापडला नाही, डिस्क भरली, परवानगी नाकारली, यातलं काहीच तुम्हाला दिसणार नाही. त्याहून वाईट म्हणजे फाइलमध्ये कुठे 'पॉज' असेल, तर ती 'कोणतीही कळ दाबा' असं म्हणत न दिसणाऱ्या विंडोत कायमची थांबून राहील. म्हणून लपवण्याआधी फाइल अशी बांधून घ्या:

@एको ऑफ
सीडी /डी "%~डीपी०"
कॉल :काम >> नोंद.टीएक्सटी २>&१ <एनयूएल
एक्झिट /बी

:काम
एको सुरू %डेट% %टाइम%
रोबोकॉपी "डी:\दस्तऐवज" "ई:\बॅकअप" /ई /आर:२ /डब्ल्यू:५
एको संपले, निकाल %एररलेव्हल%
एक्झिट /बी

दुसऱ्या ओळीतलं टक्का, टिल्ड, डी, पी, शून्य हे चिन्ह म्हणजे 'ही बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर'. ही ओळ गाळू नका. डबल-क्लिक केल्यावर फाइल आपल्याच फोल्डरमध्ये काम सुरू करते, पण टास्क शेड्यूलरकडून (ठरलेल्या वेळी कामं सुरू करणारा विंडोजमधला प्रोग्राम) किंवा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की ती सहसा विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये सुरू होते. मग 'नोंद.टीएक्सटी' तुम्ही शोधता एकीकडे आणि ती तयार होऊ पाहते भलतीकडे. 'हाताने चालवली तर चालते, आपोआप चालत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. ती ':काम' खालच्या ओळी चालवते आणि त्यांचा मजकूर पडद्याऐवजी नोंद फाइलमध्ये पाठवते. दोन 'पेक्षा मोठं' चिन्हांमुळे मजकूर नोंद फाइलच्या शेवटी जोडला जातो. एकच चिन्ह लिहिलं तर दरवेळी जुनी नोंद पुसली जाईल. '२>&१' मुळे चुकीचे संदेशही त्याच फाइलमध्ये जातात. शेवटचं '<एनयूएल', म्हणजे एन, यू, एल ही तीन अक्षरं, फाइलला कीबोर्डऐवजी रिकामा इनपुट देतं. मग कुठे चुकून 'पॉज' राहिला असेल तरी तो अडकत नाही. एक कमांड मात्र याने बिघडते: 'टाइमआउट'. तिला इनपुट वळवलेला चालत नाही, ती न थांबता चूक दाखवून लगेच बाहेर पडते. काही सेकंद थांबायचं असेल तर 'पिंग -एन ६ १२७.०.०.१ >एनयूएल' लिहा. सहा पिंगांच्या मध्ये साधारण पाच सेकंद जातात.

या ओळीचा आणखी एक फायदा आहे. फाइल चालू असेपर्यंत सीएमडी नोंद फाइल लिहिण्यासाठी उघडी धरून ठेवतो आणि दुसऱ्या कोणाला तिच्यात लिहू देत नाही. विंडो दिसत नसली की माणसं 'चालू झालं की नाही?' म्हणून दोन-तीनदा क्लिक करतात. अशा वेळी दुसऱ्या प्रतीला नोंद फाइल उघडता येत नाही आणि तिचं काम सुरूच होत नाही. एकाच बॅकअपच्या दोन प्रती एकमेकींवर धावण्याचा धोका टळतो. पहिली प्रत संपली की हे कुलूप आपोआप सुटतं.

रोबोकॉपी ही फाइल कॉपी करणारी विंडोजची कमांड. तिच्या ओळीतले '/आर' आणि '/डब्ल्यू' मी मुद्दाम लिहिले आहेत. ते दिले नाहीत तर कॉपी न होणाऱ्या फाइलसाठी रोबोकॉपी १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि प्रत्येक प्रयत्नाच्या मध्ये ३० सेकंद थांबते. हिशेब केला तर एका अडकलेल्या फाइलपायी जवळपास ३४७ दिवस. विंडो दिसत असती तर तुम्ही तिथल्या तिथे ओळखलं असतं. लपलेल्या फाइलच्या बाबतीत 'बॅकअप होतोय' असंच समजून चालाल.

प्रश्न विचारणाऱ्या इतर कमांडही तपासून घ्या. 'डेल' ला सगळ्या फाइल पुसायला सांगितलं की ती खात्री विचारते, तिला '/क्यू' द्या. 'आरडी /एस' लाही तेच. 'एक्सकॉपी' तर 'हे नाव फाइलचं की फोल्डरचं?' असं विचारून थांबते. अनेक फाइल एका फोल्डरमध्ये न्यायच्या असतील तर तिला '/आय' द्या.

हे सगळं झाल्यावर फाइल दोन-चार वेळा उघड्यावर, नेहमीसारखी चालवून नोंद वाचा. नोंद नीट येत असेल तरच पुढे जा.

शॉर्टकटने मिनिमाइझ करणं

बहुतेकांचं काम इथेच होतं. कामाची प्रगती अधूनमधून बघायची असेल तर यापुढे जायची गरजही नाही, आणि नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. विंडो टास्कबारवर असते, हवी तेव्हा उघडून बघता येते, काम संपलं की आपोआप जाते.

बॅच फाइलवर राइट-क्लिक करून 'क्रिएट शॉर्टकट' निवडा. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' वर जावं लागतं. मग तयार झालेल्या शॉर्टकटवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'शॉर्टकट' टॅबमध्ये 'रन' समोरच्या यादीतून 'मिनिमाइझ्ड'. 'ओके' केलं की झालं. मूळ बॅच फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ही यादी शोधत बसू नका, ती फक्त शॉर्टकटला असते. आणि यापुढे डबल-क्लिक शॉर्टकटवर करायचं, मूळ फाइलवर नाही.

कॉम्प्युटरवर लॉग-इन करताच फाइल चालायला हवी असेल तर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, 'शेल:स्टार्टअप' टाइप करून एंटर करा, आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये हाच शॉर्टकट ठेवा.

विंडोज ११ मध्ये, २२एच२ आवृत्तीनंतर, कन्सोल प्रोग्राम जुन्या काळ्या विंडोऐवजी सहसा विंडोज टर्मिनलमध्ये उघडतात. तिथे विंडो अपेक्षेप्रमाणे वागली नाही तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये 'स्टार्टअप' खाली 'डिफॉल्ट टर्मिनल ॲप्लिकेशन' म्हणून 'विंडोज कन्सोल होस्ट' निवडून बघा.

स्टार्ट कमांड

एका बॅच फाइलमधून दुसरी फाइल मिनिमाइझ करून सुरू करायची असेल तर ही ओळ:

स्टार्ट "" /मिन सीएमडी /सी "सी:\कामे\बॅकअप.बॅट"

यात दोन ठिकाणी लोक अडतात. पहिलं म्हणजे ती रिकामी अवतरणचिन्हं. 'स्टार्ट' ला अवतरणात मिळालेली पहिली गोष्ट विंडोचं शीर्षक वाटते. ती रिकामी जोडी दिली नाही आणि थेट अवतरणातला पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) दिला, तर तुमचा पाथ शीर्षक बनतो आणि एक रिकामी काळी विंडो उघडून बसते. दुसरं म्हणजे 'सीएमडी /सी'. ते गाळून नुसता बॅच फाइलचा पाथ दिला तरी फाइल चालते, पण 'स्टार्ट' ती '/के' सह चालवतो, म्हणजे काम संपलं तरी विंडो उघडीच राहते. रोज एक या हिशेबाने टास्कबारवर मेलेल्या विंडोंची रांग लागते. '/सी' दिलं की काम संपताच विंडो बंद होते.

'स्टार्ट /बी' हा पर्याय नावावरून 'बॅकग्राउंड' वाटतो, पण तो लपवत नाही. नवीन विंडो न उघडता आहे त्याच विंडोत काम चालू करतो, इतकंच.

शॉर्टकट नको, फाइलनेच स्वतःला मिनिमाइझ करावं असं वाटत असेल तर '@एको ऑफ' नंतर लगेच ही ओळ घाला:

इफ नॉट "%१"=="लहान" स्टार्ट "" /मिन सीएमडी /सी "%~एफ०" लहान & एक्झिट /बी

फाइल पहिल्यांदा सुरू होते तेव्हा तिला 'लहान' हा शब्द मिळालेला नसतो, म्हणून ती स्वतःलाच मिनिमाइझ करून पुन्हा सुरू करते आणि पहिली प्रत बाहेर पडते. दुसऱ्या प्रतीला तो शब्द मिळालेला असतो, ती पुढचं काम करते. पहिल्या प्रतीची विंडो क्षणभर चमकते, ते टळत नाही, कारण ती ओळ वाचली जाण्याआधीच उघडलेली असते.

पूर्ण लपवायचं असेल तर

टास्कबारवरही काही नको असेल तर बॅच फाइल अशा प्रोग्रामकडून सुरू करून घ्यावी लागते ज्याला स्वतःची विंडो नाही आणि जो 'लपवून सुरू कर' असं विंडोजला सांगू शकतो. डब्ल्यूस्क्रिप्ट हा तसा प्रोग्राम आहे. नोटपॅडमध्ये ही एक ओळ लिहा:

क्रिएटऑब्जेक्ट("डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल").रन """सी:\कामे\बॅकअप.बॅट""", ०, फॉल्स

आणि फाइल 'लपवा.व्हीबीएस' अशा नावाने सेव्ह करा. सेव्ह करताना 'सेव्ह ॲज टाइप' मध्ये 'ऑल फाइल्स' निवडलं नाही तर नावाच्या शेवटी टीएक्सटी चिकटतं आणि डबल-क्लिकवर पुन्हा नोटपॅडच उघडतं. तीन-तीन अवतरणचिन्हं चुकून पडलेली नाहीत: बाहेरची जोडी मजकुराची हद्द दाखवते, आणि आतली दुहेरी चिन्हं प्रत्यक्ष एका चिन्हाच्या जागी असतात. पाथमध्ये मोकळी जागा असली तरी त्यामुळे अडत नाही.

शून्य म्हणजे लपवलेली विंडो. त्याजागी ७ लिहिलं तर विंडो मिनिमाइझ होऊन उघडते आणि तुमचं टाइपिंग तुटत नाही. १ म्हणजे नेहमीची. शेवटचं 'फॉल्स' म्हणजे 'सुरू करून दे आणि निघ', 'ट्रू' म्हणजे 'फाइल संपेपर्यंत थांब'. तपासणीच्या दिवसांत ७ ठेवा, नोंदी नीट येऊ लागल्या की शून्य करा. अडचण आली तर एक अंक बदलून विंडो परत आणता येते.

या मार्गाचं आयुष्य मात्र मर्यादित आहे. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट, म्हणजे ही व्हीबीएस फाइल ज्या भाषेत आहे ती, निवृत्तीच्या यादीत टाकलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते वेगळं काढता येण्याजोगा घटक झालं, आणि पुढे ते आधी बंद अवस्थेत येईल, मग विंडोजमधून जाईल असं कंपनीने जाहीर केलं आहे. आजच्या एखाद्या कामासाठी वापरा. वर्षानुवर्षं चालणारी व्यवस्था उभारत असाल तर यावर उभारू नका.

पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड प्रोग्रामनेही लपवता येतं:

स्टार्ट-प्रोसेस 'सी:\कामे\बॅकअप.बॅट' -विंडोस्टाइल हिडन

पॉवरशेलमध्ये आधीच बसला असाल तर हे उत्तम. पण शॉर्टकटमधून पॉवरशेलला बोलावून हे करायला गेलात तर पॉवरशेल स्वतःच कन्सोल प्रोग्राम असल्याने त्याची विंडो चमकून जाते.

व्हीबीएस असो वा पॉवरशेल, लपवून फाइल चालवण्याची पद्धत घातक प्रोग्रामही वापरतात, त्यामुळे अँटिव्हायरस कधीकधी हरकत घेतो. अँटिव्हायरस बंद करू नका. फाइल कोणती, काय करते हे स्वतः नीट तपासून तेवढ्याच फाइलला मुभा द्या. इंटरनेटवरून उतरवलेली, आत काय आहे ते न वाचलेली बॅच फाइल लपवून चालवणं तर पूर्ण टाळाच. आणि कॉम्प्युटर दुसऱ्याचा किंवा कार्यालयाचा असेल तर त्याला सांगितल्याशिवाय त्यावर काहीही लपवून चालवू नये, मग हेतू कितीही चांगला असो.

टास्क शेड्यूलर

ठरलेल्या वेळी आपोआप चालायचं काम असेल तर मी इतर सगळं सोडून हाच मार्ग सुचवेन. स्टार्ट मेनूत 'टास्क शेड्यूलर' शोधून उघडा आणि 'क्रिएट टास्क' निवडा. 'क्रिएट बेसिक टास्क' सोपं दिसतं, पण विंडो लपवणारी निवड तिथे लगेच समोर येत नाही.

'जनरल' टॅबमध्ये 'रन व्हेदर यूझर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा. खरी किल्ली हीच. अशी कामं विंडोज तुमच्या डेस्कटॉपवर चालवतच नाही. ती शून्य क्रमांकाच्या वेगळ्या सत्रात चालतात, आणि विंडोज व्हिस्टापासून त्या सत्राचा तुमच्या पडद्याशी संबंध तोडलेला आहे. त्यामुळे विंडो दिसत नाही, चमकतही नाही. त्याच टॅबमध्ये खाली 'हिडन' अशी एक चौकट आहे. नवीन माणूस हमखास तिच्यावर खूण करतो. तिने विंडो लपत नाही, टास्क शेड्यूलरच्या यादीतलं टास्कचं नाव लपतं. तिला हात लावू नका.

'ट्रिगर्स' मध्ये वेळ द्या. 'ॲक्शन्स' मध्ये 'स्टार्ट अ प्रोग्राम' घेऊन बॅच फाइलचा पाथ द्या, आणि 'स्टार्ट इन' मध्ये तिचा फोल्डर, पण अवतरणचिन्हांशिवाय.

आता 'कंडिशन्स' टॅब, जो बहुतेक जण उघडतच नाहीत. 'स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर' वर आधीपासूनच खूण असते. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर टास्क गुपचूप चुकतं. बॅटरीवरही चालायला हवं असेल तर खूण काढा. 'सेटिंग्ज' मध्ये 'रन टास्क ॲज सून ॲज पॉसिबल आफ्टर अ शेड्यूल्ड स्टार्ट इज मिस्ड' वर खूण करा, म्हणजे ठरल्या वेळी कॉम्प्युटर बंद असला तरी नंतर काम होईल.

सेव्ह करताना खात्याचा पासवर्ड विचारला जातो. इथे पिन चालत नाही, पासवर्डच लागतो, आणि पासवर्ड पुढे कधी बदललात तर इथेही नवा द्यावा लागतो. या सत्रात नेटवर्कची जोडलेली ड्राइव्ह अक्षरं दिसत नाहीत, म्हणून 'झेड:' असं न लिहिता नेटवर्क फोल्डरचा पूर्ण पाथ लिहा.

टास्क हाताने चालवून 'लास्ट रन रिझल्ट' बघा. ०x० म्हणजे सहसा सगळं ठीक. ०x१ दिसलं तर बहुधा काहीतरी चुकलेलं असतं, पण शेवटची कमांड रोबोकॉपी असेल तर घाबरू नका. रोबोकॉपीच्या भाषेत १ म्हणजे 'फाइल यशस्वीपणे कॉपी झाल्या', आणि अपयश ८ पासून सुरू होतं. हा गोंधळ नको असेल तर ':काम' मधल्या शेवटच्या 'एक्झिट /बी' च्या आधी ही ओळ घाला:

इफ %एररलेव्हल% एलएसएस ८ एक्झिट /बी ०

लपलेली फाइल थांबवायची कशी?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिटेल्स' वर जा. तिथे सीएमडी नावाच्या अनेक ओळी असू शकतात, त्यांतली तुमची कोणती हे नावावरून कळत नाही. रकान्यांच्या शीर्षकावर राइट-क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' मधून 'कमांड लाइन' हा रकाना जोडा. त्यात तुमच्या बॅच फाइलचा पाथ दिसेल. त्या ओळीवर राइट-क्लिक करून 'एंड प्रोसेस ट्री' निवडा. नुसतं 'एंड टास्क' केलं तर सीएमडी जातो, पण त्याने सुरू केलेली रोबोकॉपी मागे चालूच राहू शकते. कमांडने थांबवायचं असेल तर त्याच यादीतला पीआयडी (चालू प्रोग्रामचा ओळख क्रमांक) घेऊन 'टास्ककिल /पीआयडी क्रमांक /टी /एफ' द्या. यातलं '/टी' पोटातल्या सगळ्या प्रोग्रामनाही थांबवतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून किंवा शेड्यूलरकडून सुरू झालेली फाइल थांबवताना परवानगी नाकारली गेली, तर कमांड प्रॉम्प्टही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. थांबवल्यावर नोंद फाइल उघडून बघा: 'सुरू' आहे आणि त्याखाली 'संपले' नाही, अशी जागा सापडली की काम कुठे तुटलं ते कळतं, आणि रोबोकॉपी पुन्हा चालवली की आधी पूर्ण कॉपी झालेल्या, न बदललेल्या फाइल ती वगळून पुढे जाते.